पुण्यातल्या सगळ्या डॉक्टरांना खुलं पत्र: ‘टेन्शन घेऊ नका’च्या पुढे काय?

नमस्कार डॉक्टर,

हे पत्र कुणा एकाला नाहीये. पेठेतल्या जिन्याखालच्या दवाखान्यापासून ते हायवेकडेच्या काचेच्या हॉस्पिटलपर्यंत पुण्यात जेवढे म्हणून डॉक्टर पेशंट तपासतात त्या सगळ्यांना आहे. मी धनकवडीत राहते, वय ४९, एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते. गेल्या साडेतीन वर्षांत माझी जी फाईल झालीये ती आत्ता मांडीवर घेऊनच बसलेय. तीन ईसीजी, एक टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), एक एंडोस्कोपी, थायरॉईड दोनदा, बी ट्वेल्व्ह, डी थ्री, मानेचा एक्स-रे, आणि या सगळ्याच्या खाली वेगवेगळ्या अक्षरांत एकच शब्द, नॉर्मल. आणि प्रत्येक ठिकाणी खुर्चीवरून उठता उठता ऐकलेलं वाक्यही एकच. "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका."

मला त्या वाक्याबद्दल बोलायचंय. भांडायला आलेली नाही, कारण ते म्हणणारे बहुतेक डॉक्टर चांगलेच होते, तपासण्या वेळेवर केल्या, एकांनी तर परत दाखवायला गेल्यावर फी पण घेतली नाही. पण त्या वाक्यापाशी येऊन माझं सगळं थांबायचं आणि दुखणं मात्र घरी माझ्याबरोबर यायचं.

आधी काय झालं ते सांगते. आमच्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आईच म्हणायचो, विसरायला व्हायला लागलं. आधी गॅस, मग नावं, मग नातवंडं. डिमेन्शिया आहे असं निदान झालं. दिवसा ठीक असायच्या, माझी नणंद येऊन बसायची, पण रात्री दोन-अडीचला उठायच्या आणि दाराची कडी काढून निघायच्या, वाईला जायचंय म्हणायच्या, वाई त्यांचं माहेर. एकदा खाली पार रस्त्यापर्यंत गेल्या, वॉचमनकाकांनी हाताला धरून वर आणलं, पायात चप्पल नव्हती आणि हातात रिकामी पिशवी होती. दुसऱ्या दिवशी मी गौरीच्या सामानातलं एक घुंगरू काढलं आणि दोऱ्याने कडीला बांधलं, म्हणजे कडी हलली की मला जाग येईल. तीन वर्षं मी त्या घुंगराच्या आवाजावर झोपले. झोपले म्हणजे आडवी व्हायचे, डोळे मिटायचे आणि कान दाराशी. सकाळी उठून डबे, आईंची आंघोळ, त्यांचं खाणं, साडेनऊला ऑफिस.

दुसऱ्या वर्षी छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. मग ॲसिडिटी, मग केस मूठभर, मग डाव्या कानात ठणका, मग बीपी. एका दुपारी पद्मावतीच्या सिग्नलला गाडीवर असताना छातीत एवढं भरून आलं की सिग्नल सुटला तरी मला ॲक्सिलरेटर पिळता येईना, मागचे हॉर्न मारतायत आणि माझे दोन्ही हात बधिर, स्कार्फच्या आत श्वास पुरेना. एका रिक्षावाल्या दादांनी गाडी बाजूला घेतली आणि जवळच्या हॉस्पिटलात सोडलं. तिथे ईसीजी, ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अटॅकची रक्ततपासणी, सगळं केलं. नॉर्मल. "मॅडम, टेन्शन घेऊ नका." रात्री आठला घरी, दहाला घुंगरू बांधलं.

आता बघा, ‘घेऊ नका’ म्हणजे काय? मी ते भाजीसारखं पिशवीत घेतलं नव्हतं हो. ते आलं होतं आणि राहिलं होतं. ‘घेऊ नका’ म्हटलं की ऐकणाऱ्याला असं वाटतं की हे आपण ओढवून घेतलंय, आपल्यात काहीतरी कमी आहे, बाकीच्या बायका करतातच की सगळं. घरी मिस्टरांनी विचारलं काय म्हणाले डॉक्टर, मी म्हटलं काही नाही म्हणाले. आणि मग घरातही ते ‘काही नाही’च होऊन बसलं. डॉक्टरांनीच काही नाही म्हटल्यावर पोळ्यांना बाई तरी कशाला लावायची!

खरं म्हणजे आपल्या भाषेला हे सगळं कधीपासून माहितीये. वाईट बातमी आली की पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, छातीत धस्स होतं, अंगावर काटा येतो, हातपाय गार पडतात, घास उतरत नाही. हे नुसतं बोलायचं म्हणून नाहीये, यातलं एकेक शरीरात जसंच्या तसं होतं. संकट आलं की सिंपथेटिक नर्व्हस सिस्टीम, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सावध करणारी नसांची यंत्रणा, जागी होते, ॲड्रेनलिन नावाचं हार्मोन सुटतं, रक्त पोटाकडून आणि कातडीकडून काढून मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं म्हणून पोटात तसं होतं आणि हात गार पडतात, लाळ कमी होते म्हणून कोरड, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात म्हणून काटा. माझी आजी आधिव्याधी हा शब्द एका दमात म्हणायची. आधी म्हणजे मनाचं दुखणं, व्याधी म्हणजे शरीराचं, आणि दोन्ही एकाच शब्दात बांधलेलं. आजी शाळेत चौथीपर्यंत गेली होती.

हे मला कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात नाही कळलं. मला पहिला प्रश्न विचारला तो बिबवेवाडीतल्या एका डेंटिस्ट मॅडमनी. कानाचा ठणका कानाच्या डॉक्टरांनी कानाचा नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून दाढ असेल या हिशोबाने गेले. त्यांनी दिवा मारला, छोटा आरसा फिरवला आणि मग हातात मोठा आरसा देऊन मलाच माझ्या दाढा दाखवल्या. वरचे उंचवटे घासून सपाट झाले होते, जात्याच्या पाळीसारखे. समोरच्या एका दाताला केसाएवढी चीर. मग त्यांनी दोन्ही गालांवर जबड्याच्या कोपऱ्यात बोटं दाबली आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. म्हणाल्या, "ताई, तुम्ही झोपेत दात खाताय, आणि खूप दिवसांपासून. हा ठणका कानाचा नाही, या स्नायूचा आहे. घरी काय चाललंय?"

घरी काय चाललंय. तीन शब्द. तोपर्यंत कुणी विचारले नव्हते. तोंडात कापूस असताना मी त्यांना घुंगराचं सांगितलं. बाहेर दोन पेशंट बसले होते, तरी त्यांनी ऐकलं, फार नाही, पाच-सात मिनिटं. आणि मग म्हणाल्या की दात खाणं आणि मनावरचा ताण यांचा संबंध डेंटिस्ट लोक रोज बघतात, रात्री घालायला नाईट गार्ड देते त्याने दात वाचतील, पण तुमची रात्र काही मला दुरुस्त करता येणार नाही, त्यासाठी कुणाशी तरी बोला. दातओठ खाणे म्हणतो ना आपण, राग गिळला की, तेच माझ्या तोंडात लिहिलेलं होतं आणि मला स्वतःला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. मुलगी मदत करायची, ती फार्मसीला आहे. आणि वाचून मला तुमच्याबद्दल जास्तच वाईट वाटलं, कारण हे सगळं तुमच्या अभ्यासातलंच आहे. हान्स सेल्ये नावाच्या संशोधकाने १९३६ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर प्रयोग करून लिहिलंय की थंडी असो, जखम असो, अतिश्रम असो की विष असो, त्रास कुठलाही द्या, शरीरात होणारे बदल तेच, ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, थायमस ही छातीतली ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. आता तर आख्खी साखळी माहितीये, मेंदूत हायपोथॅलॅमस, मग पिट्युटरी, मग किडनीच्या डोक्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी, त्यातून कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन. कॉर्टिसॉल वाईट नाहीच मुळी, ते सकाळी आपल्याला उठवतं आणि रात्री उतरायला पाहिजे. पण ज्या बाईला रात्रीच पहारा द्यायचाय तिचं ते उतरणार कधी? साखर वर, बीपी वर, झोप तुटलेली, आणि हे एक रात्र नाही, हजार रात्री.

आणि एक अभ्यास वाचून तर मी मुलीला म्हटलं परत वाच, हळू वाच. अमेरिकेत ओहायोमध्ये १९९५ मध्ये तेरा बायका घेतल्या, सगळ्या घरातल्या डिमेन्शियाच्या माणसाची काळजी घेणाऱ्या, आणि तेवढ्याच वयाच्या दुसऱ्या तेरा बायका, ज्यांच्या घरी तसं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. काळजी घेणाऱ्यांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. नऊ दिवस! तेव्हा मला आठवलं की आईंच्या त्या काळात माझं बोट विळीवर कापलं होतं आणि ते महिना झाला तरी ओलं होतं आणि जाऊबाई म्हणाल्या होत्या शुगर तपास. तपासली, शुगर नव्हती. कुणी त्या तेरा बायकांबद्दल सांगितलं असतं तर मला एवढं तरी कळलं असतं की माझ्यासारख्या कुणीतरी होत्या आणि त्यांचं मोजून ठेवलंय.

हृदयाचंही तसंच. २००४ साली बावन्न देशांतल्या हार्ट अटॅकच्या पेशंटचा मोठा अभ्यास आला, इंटरहार्ट नावाचा, त्यात आपला देशही होता, आणि सिगरेट, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या यादीत मनावरचा ताण आणि डिप्रेशन हेही कारण म्हणून होतं. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ताकोत्सुबो म्हणून एका दुखण्याचं वर्णन केलं. जवळचं माणूस गेल्यावर किंवा मोठा धक्का बसल्यावर हृदयाचा एक भाग फुग्यासारखा होतो, ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. लक्षणं सगळी अटॅकची पण रक्तवाहिन्या मोकळ्या. जास्त करून पाळी गेलेल्या बायकांना होतं आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. म्हणजे दुःखाने हृदयाचा आकार बदलतो आणि तो एकोवर दिसतो. माझ्या एकोत तसं काही नव्हतं, मी स्वतःला ते दुखणं चिकटवत नाहीये. एवढंच म्हणतेय की ‘मनाचं आहे’ म्हणजे ‘खोटं आहे’ असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती तेवढ्याच कळकळीने सांगते, नाहीतर कुणी म्हणेल हिला सगळं मनाचंच म्हणायचंय. किती वर्षं अल्सर झाला की डॉक्टर म्हणायचे टेन्शनमुळे, तिखट खाता म्हणून, दूध प्या. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक वेळा जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो, कुणी ऐकेना म्हणून मार्शलने १९८४ मध्ये तो जंतू स्वतःच पिऊन दाखवला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तोपर्यंत किती लोकांना ‘टेन्शन’ म्हणून घरी पाठवलं असेल. आणि बायकांचं तर विचारूच नका. बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखण्याबरोबर किंवा त्याऐवजी पाठ, जबडा, मळमळ, दम, नुसता थकवा असंही होतं आणि मग तो गॅस ठरतो नाहीतर टेन्शन. म्हणून माझं म्हणणं असं आहे डॉक्टर, की टेन्शन हा शब्द बाकी काही सापडलं नाही की टाकायचा कोपरा नको. ते पण एक निदान आहे, त्याला पण हिस्ट्री घ्यावी लागते, प्रश्न विचारावे लागतात, आणि ते चुकू शकतं. न विचारता म्हटलेलं ‘टेन्शन आहे’ आणि न तपासता म्हटलेलं ‘अल्सर आहे’ यात मला तरी फरक दिसत नाही.

मला माहितीये तुमच्याकडे वेळ नाही. माझा भाचा एका हॉस्पिटलात रेसिडेंट आहे, छत्तीस तास ड्युटी करून आला की जेवता जेवता ताटावर झोपतो, त्याच्या छातीचे ठोके कोण मोजणार? संध्याकाळच्या ओपीडीत बाकावर वीस जण, त्यातले पाच लहान मुलं घेऊन, आणि मी म्हणतेय माझी तीन वर्षं ऐका. तसं नाही म्हणत. मी एक वाक्य जास्तीचं मागतेय. "रिपोर्ट चांगले आहेत, हृदयाला धोका नाही, पण तुमचं दुखणं खरं आहे, ते कशाने होतं ते थोडक्यात सांगतो." बस. आणि दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला असताना एक प्रश्न, झोप कशी आहे, घरी कुणाचं काही आहे का. पट्ट्यात हवा भरेपर्यंत उत्तर देऊन होतं.

आणि जे सांगाल ते कागदावर लिहा. गोळीचं नाव तुम्ही लिहून देता म्हणून घरात त्या गोळीला मान असतो, मिस्टर स्वतः मेडिकलमधून आणून देतात. ‘आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी जागायचं’ हे तुमच्या लेटरहेडवर लिहिलेलं असतं ना, तर आमच्या घरात ते झालं असतं. मी तोंडाने सांगून झालं नाही. तुमच्या सहीत ती ताकद आहे, ती आमच्यासाठी वापरा. परत कधी यायचं तेही लिहा, म्हणजे ‘नॉर्मल’ म्हटल्यावर दार बंद झालं असं वाटत नाही आणि खरंच काही निराळं निघायचं असेल तर ते वेळेवर निघेल.

अजून एक. मनाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं असेल तर जरा समजावून पाठवा. पुण्यात लहानपणापासून आपण काय ऐकत मोठे झालो, जास्त बोललास तर येरवड्याला टाकीन. तिथल्या मनोरुग्णालयात माणसं बरी होऊन घरी जातात हे कुणी सांगत नाही, तिथलं नाव शिवीसारखं वापरतात. त्यामुळे तुम्ही नुसतं ‘सायकियाट्रिस्टला दाखवा’ म्हटलं की समोरच्या बाईला ऐकू येतं की मी वेडी आहे. मला एका फिजिशियनने असंच चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं, मी ती चिठ्ठी पर्समध्ये आठ महिने ठेवली. त्याऐवजी म्हणा की हृदयाला हृदयाचा डॉक्टर तसा झोपेला आणि काळजीला यांचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारासारखाच मनाचाही आजार धरायचा असं आहे, हेही किती जणांना ठाऊक नाही. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात. हा नंबर तुमच्या वेटिंग रूममध्ये औषध कंपनीच्या कॅलेंडरशेजारी लावला तरी किती होईल.

मी शेवटी गेले. डेंटिस्ट मॅडमनी सांगितल्यावर गेले. तिथे मला पहिल्यांदा श्वास सोडायला शिकवलं, घ्यायला नाही, सोडायला. सावकाश श्वास सोडताना व्हेगस नावाच्या नसेतून हृदयाचे ठोके खरंच मंदावतात, मनगटावर बोट ठेवून मी ते स्वतः मोजलंय, म्हणून माझा विश्वास बसला. बीपीची गोळी चालू आहे, ती बंद करा असं कुणी म्हटलं नाही आणि मी पण केली नाही. छातीतलं आवळणं पुष्कळ कमी झालंय. कानाचा ठणका गेला. पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही, कारण झाले नाहीये.

आई मागच्या वर्षी गणपतीनंतर गेल्या. झोपेत गेल्या, घरीच. तेराव्यानंतर मिस्टरांनी कडीचं घुंगरू सोडून गौरीच्या डब्यात परत ठेवलं. त्या रात्री अडीचला मला जाग आली आणि मी दारापर्यंत गेले, कडी लावलेली होती, शेजारी दोऱ्याचा तुकडा तेवढा लोंबत होता. अजूनही आठवड्यातून तीन-चार वेळा अडीचला जाग येते. मनाने मला माहितीये की आई नाहीत. कानांना अजून कळलेलं नाही.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी मी बीपी दाखवायला येतेय. पट्टा बांधताना झोपेचं विचारा. दोन मिनिटांत सांगून होईल.

आपली,
धनकवडीची एक पेशंट